बेवारस म्हणण्याची घाई

मराठी वर्तमानपत्रांच्या भाषेत तीन गोष्टी 'बेवारस' असतात: मृतदेह, वाहने आणि कुत्री. यांपैकी पहिल्या दोहोंच्या बाबतीत निदान पंचनामा होतो. मृतदेहाच्या अंगावरील कपड्यांचा रंग, हातावरचे गोंदण इथपर्यंतचा तपशील लिहून घेतला जातो. वाहनाचा क्रमांक पाहून मालकाचा शोध घेतला जातो. म्हणजे या दोन ठिकाणी 'बेवारस' हा शब्द चौकशीच्या शेवटी येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो चौकशीच्या आधी येतो, आणि तो एकदा आला की चौकशीची गरजच उरत नाही. ज्याचा वारस कोणी शोधलाच नाही त्याला वारस नाही असे म्हणणे हे वर्णन नव्हे. तो निकाल आहे, आणि तोही एकतर्फी.

साहित्यविषयक लेखनाच्या या जागी कुत्र्यामांजरांचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर इतकेच की हा प्रथमतः शब्दाचा आणि वाचनाचा प्रश्न आहे, आणि शब्द व वाचन हा आपला, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा, पोटापाण्याचा धंदा आहे. दारात, रस्त्यात, महाविद्यालयाच्या आवारात एखादे अनोळखी जनावर आढळले तर त्याचे काय करायचे, या प्रश्नाला आपल्याकडे साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे 'बिचारे, काहीतरी खायला घाला', आणि दुसरे 'महापालिकेची गाडी बोलवा'. एक उत्तर दयेचे, दुसरे स्वच्छतेचे. ही दोन्ही उत्तरे देणारे लोक एकमेकांना शत्रू मानतात, परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत असते: समोरचे जनावर नेमके कोण आहे, हे विचारण्याची आवश्यकता दोघांनाही वाटत नाही. माझा वाद या एकमताशी आहे.

प्रथम शब्दांचा गुंता सोडवू. 'भटका', 'मोकाट', 'बेवारस' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. प्रत्यक्षात रस्त्यावर दिसणाऱ्या कुत्र्याच्या किमान तीन वेगवेगळ्या अवस्था असू शकतात. पहिला चुकलेला: त्याला घर आहे, घरची माणसे त्याला शोधत आहेत, दिवाळीच्या फटाक्यांना बिचकून, मिरवणुकीतल्या ढोलताशाला घाबरून किंवा उघड्या राहिलेल्या फाटकातून तो बाहेर पडला आणि परतीची वाट हरवला. दुसरा टाकलेला: त्याला घर होते, म्हातारपण, आजार, बदली, नव्या सोसायटीचे नियम यांपैकी कोणत्या तरी कारणाने त्याला गाडीत घालून दूर सोडण्यात आले. तिसरा वस्तीतला: तो त्याच गल्लीत जन्मला, तीच त्याची हद्द, आणि तेथील चहावाला, वॉचमन, दोन-चार घरे त्याला ओळखतात. पहिल्याला घरी पोचवायचे असते. दुसऱ्याला घर शोधून द्यायचे असते आणि टाकणाऱ्याला जाब विचारायचा असतो. तिसऱ्याला त्याच्याच जागी राहू देऊन त्याची नसबंदी व लसीकरण झाले आहे की नाही हे पाहायचे असते. तीन अवस्था, तीन कर्तव्ये. आणि आपल्याकडे शब्द मात्र एकच. मग कर्तव्यही एकच होते, आणि बहुधा ते चुकीच्या प्राण्याच्या वाट्याला जाते.

हा केवळ अध्यापकी काथ्याकूट नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी रस्त्यावरील प्राण्यांसाठी 'समुदायातील प्राणी' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. तिची व्याख्या अशी की तो वस्तीत जन्मलेला असावा आणि त्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नसावी. म्हणजे चुकलेला पाळीव कुत्रा या व्याख्येत बसत नाही. तो रस्त्यावर असला तरी रस्त्याचा नाही. सरकारी कारकुनाने मसुदा लिहिताना जो भेद ओळखला तो भेद मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसांना बोलताना ओळखता येऊ नये, याची थोडी लाज वाटायला हवी.

हा भेद आज अधिक निकडीचा का झाला आहे, तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व परिसरातील रस्त्यांवरील सर्व कुत्री पकडून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्रिसदस्य पीठाने त्यात बदल केला आणि रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे असे सांगितले. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके या जागांपुरता वेगळा नियम घालून देण्यात आला: तेथील कुत्री निवारागृहात हलवावीत आणि पुन्हा त्या जागी सोडू नयेत, संस्थेने आवाराची जबाबदारी पाहणारा एक अधिकारी नेमावा. आता हा अधिकारी आकाशातून पडत नाही. महाविद्यालयात ज्या प्राध्यापकाकडे परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना आणि भित्तिपत्रक ही कामे आधीच असतात, त्याच्याकडे असे काम येण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. म्हणजे प्रश्न आपल्या टेबलावर येऊन पडणार.

या आदेशाच्या योग्यायोग्यतेवर वाद घालण्याचे हे ठिकाण नव्हे. लहान मुलांना चावे बसतात, रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, आणि न्यायालयापुढे ती चिंता होती हे कोणीही प्रामाणिक माणूस मान्य करील. माझा मुद्दा मर्यादित आहे. जेव्हा हलवलेला प्राणी परत न आणण्याचा नियम असतो, तेव्हा हलवण्यापूर्वी तो कोण आहे हे विचारण्याची जबाबदारी कितीतरी पटींनी वाढते. पूर्वी चुकून उचललेला कुत्रा चार दिवसांनी निदान त्याच चौकात परत येण्याची शक्यता होती, आणि शोधत फिरणाऱ्या मालकाला तो भेटू शकत होता. आता 'बेवारस' या एका शब्दाने तो मालकापासून कायमचा तुटू शकतो.

असे घडते. माझ्या माहितीतील एका महाविद्यालयात दिवाळीच्या सुटीत एक तपकिरी रंगाची, प्रौढ वयाची कुत्री आवारात शिरली. गळ्यात पट्टा नव्हता. पण मानेभोवतीचे केस पट्ट्याने दबलेले होते. ती ग्रंथालयाच्या पायरीखाली बसून राही, कोणी जवळ गेले की दात दाखवी. शिपायांनी तिला बिस्किटे घातली. कार्यालयाने 'मोकाट व आक्रमक' असे लिहून अर्ज केला. एका विद्यार्थिनीने तिचे छायाचित्र काढून त्याखाली चार हळव्या ओळी लिहिल्या, आणि त्या बऱ्याच जणांना आवडल्या. गाडी आली, कुत्री गेली. नऊ दिवसांनी एक निवृत्त गृहस्थ हातात लसीकरणाचे पुस्तक घेऊन फाटकावर आले. ते दोन किलोमीटरवर राहत होते. नऊ दिवस ते पायी फिरून शोधत होते. त्यांची कुत्री नेमकी कोठे नेली गेली याची नोंद ना कार्यालयात होती, ना गाडीवाल्यांकडे. ती सापडली नाही.

या प्रसंगात दुष्ट कोणीही नाही. बिस्किटे घालणारे दयाळू होते, अर्ज करणारे दक्ष होते, ओळी लिहिणारी संवेदनशील होती. दया, दक्षता आणि संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी हजर असताना एक साधी गोष्ट गैरहजर राहिली. त्या दबलेल्या केसांचा अर्थ कोणी लावला नाही.

आपण वर्गात विद्यार्थ्यांना काय शिकवतो? संहितेत जे आहे ते आधी नीट पाहा; आपल्या मनातले तिच्यावर लादू नका; एका शब्दावरून निष्कर्ष काढू नका. मग ही शिस्त फाटकाबाहेर का संपते? जनावराच्या अंगावरही मजकूर असतो. कानाला त्रिकोणी खाच असेल तर बहुधा ते नसबंदी झालेले वस्तीतले कुत्रे आहे, आणि त्याची गल्ली जवळच असेल. पट्टा किंवा पट्ट्याचा वळ, मऊ तळपाय, वाहनांच्या मधून जाताना उडणारी तारांबळ, हाकेला थबकणे, ही घराची लक्षणे. एकाच वळणावर बसून येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान वळवून पाहणारे, त्वचारोगाने किंवा वारंवारच्या वितांनी खंगलेले जातिवंत कुत्रे दिसले तर ते कदाचित टाकलेले असते. यांतील कोणतेही लक्षण एकटे निर्णायक नाही. विशेषतः एक चूक फार सर्रास होते. चार दिवस रस्त्यावर काढलेला पाळीव कुत्रा भीतीने माणसापासून पळतो, प्रसंगी गुरगुरतो, आणि पाहणारा म्हणतो, 'हे पाळलेले असणे शक्य नाही.' भेदरलेपण आणि रानटीपण यांतला फरक न कळणे हा वाचनदोष आहे. वर उल्लेखिलेल्या कुत्रीला तोच भोवला.

या वाचनदोषाचे मूळ शोधू लागलो तर ते आपल्या आवडत्या कथांपर्यंत जाते, आणि येथे काही वाचक दुखावले जातील याची मला कल्पना आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण सर्वजण सांगतो. एकनाथांनी कावडीतील गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, हीही सांगतो. या कथा थोर आहेत, यात वाद नाही. परंतु आपण त्या ज्या रीतीने सांगतो तीत प्राणी केवळ संताच्या परीक्षेचा कागद असतो. संत उत्तीर्ण झाला की कागद बाजूला पडतो. त्या गाढवाचे पुढे काय झाले, ते कोणाचे होते, वाळवंटात एकटे का पडले होते, हे आपल्याला कधी विचारावेसे वाटत नाही. वास्तविक एकनाथांच्या कथेत एक अत्यंत व्यावहारिक शहाणपण आहे: तहानलेल्याला आधी पाणी. त्या पाण्याचे रूपांतर आपण इतक्या घाईने अद्वैतात करतो की तहान शिल्लकच राहत नाही.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गात जाण्यास नकार देतो, हा प्रसंग भाषणांतून नेहमी ऐकू येतो. तो कुत्रा अखेर धर्म निघतो. हा उलगडा आपल्याला फार सोयीचा पडला आहे. कुत्रा हा मुळात कुत्रा नव्हताच, असे ठरले की प्रश्न मिटतो. पण उद्या सकाळी आपल्या फाटकाशी येणारा कुत्रा कुत्राच निघणार आहे. त्याच्या रूपात कोणी देव प्रकट होणार नाही, कोणी रथ घेऊन येणार नाही, आणि आपली परीक्षा पाहायला वर कोणी बसलेले नाही. अशा प्रसंगासाठी महाभारताच्या शेवटापेक्षा त्याचा आरंभ अधिक उपयोगी आहे, आणि तो आपण क्वचितच शिकवतो. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पिल्लू येते. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जाते आणि सांगते की आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्याला तोंडही लावले नाही. सरमा सत्राच्या जागी येऊन एकच गोष्ट विचारते: याचा काही अपराध नसताना याला का मारले? कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की तुमच्यावर अकल्पित भय येईल. यानंतर जनमेजय काय करतो? पिल्लाची विचारपूस करीत नाही. शापाचे निवारण करील असा पुरोहित शोधायला निघतो.

एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या तोंडाशी ही लहानशी गोष्ट का ठेवली असावी, यावर विद्वानांनी बोलावे. मला तिच्यात आपली आजची सभा दिसते. जनावराबद्दलचा प्रश्न साधा आहे, उत्तर देणारा कोणी नाही, आणि सगळी धावपळ आपल्यावरचे संकट कसे टळेल याची.

रूपकाची ही सवय आपल्या शब्दांनाही पोखरते. 'कोंडवाडा' म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला दया पवारांचा १९७४ चा कवितासंग्रह आठवतो. तो आठवलाच पाहिजे. पण गावचा खराखुरा कोंडवाडा कसा चालत असे हे किती जणांना सांगता येईल? १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने त्याची रीत घालून दिली होती. कोंडलेल्या जनावरासाठी सात दिवसांत कोणी आले नाही, तर जनावराचे वर्णन, ते कोठे पकडले आणि कोठे कोंडले आहे याची नोटीस पोलिसांनी लावायची. जेथे पकडले त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. आणि त्यानंतर आणखी सात दिवस वाट पाहून मगच लिलाव करायचा. हा कायदा प्राण्यांवरच्या प्रेमातून झाला नव्हता. तो वसाहतीच्या महसुली डोक्यातून आला होता, आणि कोंडवाड्याचा जाच गरिबालाच अधिक होत असे. तरीसुद्धा चुकलेल्या म्हशीला त्या कायद्याने दवंडी आणि दोन आठवडे दिले. चुकलेल्या कुत्र्याला आपण आज किती देतो? गाडी येईपर्यंतचा वेळ.

चौकशीवाचूनच्या घाईचा इतिहासही आपल्याच शहरात आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल झाली. कुत्र्यामागे इनाम मिळत असल्याने मोहिमेवरील शिपाई रस्त्यावरच्या कुत्र्यांपाशी थांबले नाहीत. घरांच्या आवारातली कुत्रीही त्यांनी सोडली नाहीत. श्वानाला धर्मात मोठे स्थान देणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला. या प्रकरणाकडे सहसा धार्मिक भावनेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. पण त्याच्या मुळाशी दुसरीही एक गोष्ट होती: मोजणी करणाऱ्याला संख्या हवी असली की 'कोणाचे' हा प्रश्न गैरसोयीचा होतो.

आता दयाळू पक्षाकडे वळतो, कारण आतापर्यंतच्या विवेचनाने तो पक्ष खूश झाला असण्याचा संभव आहे. रस्त्यात देखणा लॅब्राडोर सापडला, घरी आणला, नवे नाव ठेवले, मुलांना आनंद झाला, आणि चार लोकांनी 'किती मोठे मन' म्हटले. या मोठ्या मनाला कायद्याच्या भाषेत वेगळे नाव आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७१ सांगते की दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी असते. कलम १६८ प्रमाणे सापडलेली वस्तू राखण्यासाठी स्वखुशीने केलेल्या खर्चाबद्दल दावा लावता येत नाही. मात्र तो खर्च मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवता येते. आणि अपहाराविषयीचे जे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४०३ होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१४ आहे, त्याचे स्पष्टीकरण असे की मालकाला परत देण्यासाठी वस्तू ताब्यात घेणे हा गुन्हा नाही. पण मालक शोधण्याचे वाजवी उपाय न करता, त्याला कळवण्याचा प्रयत्न न करता, वाजवी काळ वाट न पाहता ती आपलीशी करणे हा गुन्हा होऊ शकतो. सापडणे म्हणजे मिळणे नव्हे. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नाहीत.

प्राण्याला 'वस्तू' म्हणणारा हा कायदा अनेकांना टोचेल, मलाही टोचतो. पण जरा महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे पाहा. छत्री सापडली तर ती कार्यालयात जमा होते, सूचना फलकावर नोटीस लागते, ओळख पटवून घेऊन जावी असे लिहिले जाते. ओळखपत्र, मोबाईल, जेवणाचा डबा, सर्वांना हा मान मिळतो. प्राण्याला वस्तूहून श्रेष्ठ मानण्याच्या गप्पा नंतर करू. आधी त्याला छत्रीइतका तरी दर्जा द्या.

तो दर्जा देणे म्हणजे काय, हे संदिग्ध ठेवून चालणार नाही. अनोळखी जनावर दिसले की पहिली गोष्ट पाठलाग न करणे. पाठलागाने घाबरलेला कुत्रा वाहनाखाली जातो. थोडे अंतर ठेवून, नजर न रोखता, पाणी ठेवावे, आणि जमल्यास त्याला फाटक लावता येईल अशा मोकळ्या कोपऱ्यात येऊ द्यावे. घरच्या प्राण्यांपासून त्याला वेगळे ठेवावे. छायाचित्र काढावे, दिवस, वेळ, जागा लिहून ठेवावी. मग परिसरात विचारावे, आणि विचारावे ते पहाटे उठणाऱ्यांना: दूधवाला, पेपरवाला, सफाई कामगार, वॉचमन, चहाची टपरी. वस्तीतले कुत्रे असेल तर यांतला कोणीतरी त्याला नावाने ओळखतो आणि प्रकरण पाच मिनिटांत मिटते. नाही ओळखले, तर जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. अनेक पाळीव प्राण्यांच्या कातडीखाली पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप असते आणि ती वाचण्याचे यंत्र काही दवाखान्यांत असते. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो, म्हणून तेथील नोंदीही उपयोगी पडू शकतात. पोलीस ठाण्यात कळवून ठेवावे. त्यामुळे शोधणाऱ्याला एक ठिकाण मिळते, आणि आपल्यावर अपहाराचा संशय राहत नाही.

जाहिरात करताना एक पथ्य पाळावे. प्राण्याची सगळी लक्षणे जाहीर करू नयेत. एखादी खूण, पोटावरचा पांढरा ठिपका किंवा तुटलेले नख, हातची राखून ठेवावी, आणि 'माझाच आहे' म्हणून येणाऱ्याला ती विचारावी. जुनी छायाचित्रे आणि लसीकरणाचे पुस्तक पाहावे. जातिवंत कुत्र्यावर हक्क सांगायला सगळेच मालक येतात असे नाही.

मांजराचे गणित थोडे निराळे असते. घरातून निसटलेले मांजर बहुधा फार लांब जात नाही, जवळच कोठेतरी दडून बसते. आणि रस्त्यावर निवांत फिरणारे मांजर हरवलेले असेलच असे नाही. त्याला उचलून 'वाचवणे' म्हणजे कधीकधी त्याला हरवणेच असते. पोपटाची गोष्ट त्याहून वेगळी. पिंजऱ्यातून सुटून खिडकीत आलेला आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळणेच बेकायदा आहे. त्याला मालकाकडे परत देण्याचा प्रश्न येत नाही. वनविभागाला कळवावे लागते. म्हणजे येथेही प्राणी कोण हे कळल्याशिवाय 'घरी पोचवा' हे सरसकट उत्तरही चुकते.

आणि चावा बसला तर? तेव्हा ना भूतदया उपयोगाची, ना शास्त्रार्थ. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जखम खोल असेल तर सोबत वेगळे इंजेक्शनही लागते. चावलेले कुत्रे वा मांजर दहा दिवस डोळ्यांखाली ठेवावे असे वैद्यक सांगते, कारण तेवढे दिवस ते निरोगी राहिले तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे म्हणता येते. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नसते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. चावलेले जनावर घाईने हाकलून दिले किंवा मारून टाकले, की निरीक्षणाचा हा मार्गच बंद होतो. चौकशी ही सुरक्षिततेची शत्रू आहे असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

'माणसांना विचारायला वेळ नाही, जनावरांची चौकशी कोण करणार?' हा आक्षेप ठरलेला आहे. तो करणारी माणसे माणसांची चौकशी करण्यात गर्क असतात असा माझा अनुभव नाही. स्थानकावर चुकलेल्या म्हाताऱ्याला 'वेडा' म्हणून ओलांडून जाणारी आणि कुत्र्याला 'बेवारस' म्हणून गाडीत टाकणारी दृष्टी एकच असते. दोन्ही ठिकाणी एक नाम चिकटवून प्रश्नातून सुटका करून घेतलेली असते. विचारण्याची सवय एकदा लागली की ती जात पाहून थांबत नाही.

शेवटी, ज्यांच्यामुळे हा प्रश्न मोठ्या अंशी उभा राहतो त्यांच्याविषयी. प्राणी सोडून देणारा माणूस आपल्या चर्चेत कधीच येत नाही; चर्चा होते ती सोडलेल्या प्राण्याची. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कायद्यात ठरलेला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वीच्या पन्नास रुपयांना काही वजन होते. आज तेवढ्यात दोघांचा वडापाव आणि चहादेखील होईल की नाही याची शंका आहे. पण दंड हलका आहे म्हणून शब्दही हलका असावा, असे कोठे आहे? आपण 'बेवारस कुत्रा' म्हणतो तेव्हा त्या वाक्यातून टाकणारा कर्ता गाळला जातो. व्याकरण शिकवणाऱ्यांना कर्ता गाळण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. 'टाकलेला' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी टाकला? म्हणून तो शब्द वापरा. 'चुकलेला' म्हटले की प्रश्न येतो, कोठून चुकला? तोही वापरा. आणि यांपैकी काहीच ठरत नसेल, तर 'अनोळखी' म्हणा. तो शब्द प्रामाणिक आहे. अज्ञान कोणाचे हे त्यात स्पष्ट आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात एक साधी वही असावी. आवारात अनोळखी प्राणी आला की त्याची तारीख, वर्णन, छायाचित्र, विचारपूस कोणाकडे केली आणि अखेर तो कोणाच्या ताब्यात, कोठे गेला, हे तीत लिहावे. गाडी बोलवायचीच असेल तर ही पाच खाणी भरल्यावर बोलवावी, आणि सूचना फलकावर छत्रीच्या नोटिशीशेजारी त्याचीही नोटीस लावावी. न्यायालयाचा कोणताही आदेश अशी वही ठेवायला मनाई करीत नाही. नेमलेला अधिकारी मराठीचा प्राध्यापक असेल तर उत्तमच. वर्णन कसे लिहावे हे त्याला येत असेल, अशी अपेक्षा आहे.